हळू सोडलेलं पाणी

प्रयोगशाळेत मला सगळे दुर्बीणबाई म्हणतात. खरं तर माझ्याकडे आहे तो मायक्रोस्कोप. दुर्बीण लांबचं दाखवते, आणि मी जन्मभर नाकासमोरचं बघत आले आहे. पण एकदा चिकटलेलं नाव खरवडून निघत नाही, म्हणून मी समजावून सांगायचं सोडून दिलं. माझ्या नवऱ्याला सगळे पंपवाले म्हणायचे. तो गेला, तरी अजून कुठला पंप कुरकुरला की कोणीतरी म्हणतंच, ‘पंपवाले असते तर.’ गेला म्हणजे तसा नव्हे. चांगला धडधाकट आहे. जमिनीत खोल भोकं पाडणाऱ्या कंपनीत नोकरीला गेला, त्याला आता चार वर्षं झाली.

भांडण नाही, तंटा नाही. ‘जाऊ का?’ असं त्याने विचारलं, आणि ‘तुझं तू ठरव,’ असं मी म्हटलं. त्याला वाटलं, हिला काही फरक पडत नाही. मला वाटलं, ज्याला राहायचं असतं तो विचारतो कशाला? दोघेही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो आणि तेवढ्यात त्याची बॅग भरून झाली. कडाकडा भांडलो असतो तर बरं झालं असतं. भांडणात निदान एखादं खरं वाक्य निसटतं.

मग दर रविवारी फोन. हवा कशी आहे, आईचे गुडघे कसे आहेत, गॅसची नळी बदललीस का. माझ्या आईच्या गुडघ्यांवर आमचा संसार चालला होता म्हणा ना. आईला हे कळत असावं, कारण रविवारी सकाळी तिचे गुडघे हमखास जास्त दुखायचे.

आणि मग एक दिवस मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, त्याला परत बोलावलं.

का बोलावलं ते समजायला आमचं काम थोडं समजायला हवं. एका वाक्यात सांगायचं तर आम्ही दगडाला पाणी पाजतो आणि बघत बसतो. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा वायू पाण्यात मिसळून जमिनीखाली खोल सोडला, तर तिथल्या खनिजांशी त्याचं जमतं आणि त्याचा पांढरा दगड होतो. वायू कायमचा कोंडला जातो. फार छान. प्रश्न एवढाच, की हा पांढरा दगड होतो कुठे? आत, खोलवर, पसरून झाला तर उत्तम. ज्या विहिरीतून सोडला तिच्या तोंडाशीच झाला तर विहीर बुजते आणि सगळा खटाटोप वाया.

जमिनीखाली जाऊन बघता येत नाही, म्हणून आम्ही खालचा दगड वर आणतो. त्याची पोस्टाच्या तिकिटाएवढी, कागदासारखी पातळ चकती घासून काढायची, दोन काचांच्या मध्ये चिकटवायची, एका बाजूने दोन बारीक नळ्या आत आणि दुसऱ्या बाजूने एक बाहेर. याला चिप म्हणतात. (खायची का, असा विनोद इथे येणारा प्रत्येक पाहुणा करतो, आणि आपणच पहिले असं समजून करतो.) दोन नळ्यांतून दोन द्रावणं सोडायची. दिसायला दोन्ही साध्या पाण्यासारखी. वेगवेगळी असताना कोणाच्या अध्यात ना मध्यात. दगडाच्या छिद्रांत एकमेकांना भेटली, की पांढरे कण धरायला लागतात. छिद्रं भरत जातात, पाण्याला वाट कमी पडते, दाब चढतो. दाब एका ठरलेल्या रेषेपलीकडे गेला, की प्रयोग संपला.

माझं काम हे सगळं पाहण्याचं. मायक्रोस्कोपवरचा कॅमेरा ठरावीक वेळाने फोटो काढतो आणि कॉम्प्युटर प्रत्येक फोटोतून पहिला फोटो वजा करतो. जे होतं तसंच आहे ते सगळं काळं. जे बदललं तेवढंच उजळ. सवय वाईट असते. माणसांकडेही मी तसंच बघायला लागले आहे.

या कामाचा एक जुना वैरी आहे, तो म्हणजे हवेचा बुडबुडा. चिप भरताना एक बुडबुडा छिद्रात अडकला की पाणी त्याला वळसा घालून भलतीकडे जातं आणि सगळं खोटं दिसतं. तेवढ्या खोलातल्या दगडाचे आमच्याकडे चारच तुकडे होते. त्यातले दोन बुडबुड्यांनी खाल्ले. तेव्हा मॅडमनी त्याला फोन लावला. “अडला हरी,” असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या आणि पुढचे शब्द गिळून टाकले. शेवटी तो माझा नवरा.

तो आला. मी मनातल्या मनात पहिला फोटो वजा केला. केस पिकलेले, चष्मा लागलेला, उन्हाने मानेचा रंग दोन छटा गडद. बाकी सगळं काळं, म्हणजे होतं तसंच. मला वाटलं होतं उलट होईल. बदललेलं तेवढं डोळ्यांत भरेल आणि परका वाटेल, मग मलाही सुटल्यासारखं होईल. पण त्याने कोट काढून खुंटीला न लावता पूर्वीसारखाच खुर्चीच्या पाठीवर टाकला, आणि मी लेन्स पुसायला घेतली. लेन्स स्वच्छच होती.

“बरी आहेस?” त्याने विचारलं.

“मला काय धाड भरलीय?”

“आईंचे गुडघे?”

“आहेत दोन्ही.”

तो हसला. मग हातमोजे चढवून कामाला लागला. त्याने चिप भरली ती बघण्यासारखी होती. आधी दगडातून कार्बन डायऑक्साइड वायू सोडून आतली हवा हुसकावून लावली. मग अगदी बेताने पाणी सोडलं. वायू पाण्यात विरघळून जातो आणि बुडबुडा उरतच नाही. हे कागदावर सगळ्यांना येतं. पण मधेच नळीवर नखाने टिचकी कधी मारायची ते कागदावर नसतं. चिप भरताना खोलीत कोणी बोलायचं नाही, हा त्यानेच घालून दिलेला नियम. भरून झाल्यावर शाबासकी द्यायची नाही, हा दुसरा. शाबासकी दिली की बुडबुडा येतो म्हणे. मॅडमसुद्धा गप्प उभ्या होत्या. त्यांना ते जड जात होतं.

मग त्याने पंपाचा वेग लावला. तो जरा जास्त का लावला ते मी आत्ताच सांगून ठेवते. आमच्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा वेग कमी ठेवतो. त्याला वाटतं, पाणी हळूहळू सोडलं की दगड सावकाश भरेल, प्रयोग जास्त दिवस चालेल. होतं नेमकं उलटं. पाणी हळू सोडलं, की दोन्ही द्रावणांना दारातच भेटायला भरपूर वेळ मिळतो, तिथेच ती पांढरी होऊन बसतात आणि दार बुजतं. जरा जोराने सोडलं, तर पुरती भेट व्हायच्या आत ती खोल वाहत जातात आणि पांढरे कण आतल्या आत विखरून धरतात. “हळू सोडाल तर दारातच अडेल,” हे वाक्य त्याने इथे इतक्या जणांना ऐकवलं आहे, की भिंतींनाही पाठ असेल.

“दोनेक आठवडे चालेल,” मॅडम म्हणाल्या. “तोवर थांबणार ना?”

“थांबतो की,” तो म्हणाला.

तो संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरला. आई म्हणाली, घर असताना खोली कशाला? तो म्हणाला, पंपाजवळ असलेलं बरं. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं की मी उठून भांडी घासायला गेले. संध्याकाळी मात्र तो रोज जेवायला यायचा. ते आईने ठरवलं होतं आणि आईच्या ठरवण्यापुढे कोणाचं चालत नाही.

पहिले काही दिवस फोटोत काहीच नव्हतं. सगळा काळोख. मग एका सकाळी अगदी आत, दोन कणांच्या फटीत, सुईने टोचावं तसा एक ठिपका उजळला. मग आणखी एक, त्यापासून लांब. मी त्याला बोलावलं. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, वाकून बघायला लागला, आणि त्याच्या शर्टाला अजून तोच साबणाचा वास होता.

“सुंदर,” तो म्हणाला.

“हं,” मी म्हटलं.

मला तो हवा होता. हे वाक्य लिहायला किती सोपं आहे. मला तो घरात हवा होता, बाथरूमचा दिवा चालू ठेवून विसरणारा, वर्तमानपत्राची पानं उलटी लावणारा. मला तो जेवायला आलेला पाहुणा नको होता. आणि हे त्याला सांगायचं सोडून मी रोज सकाळी कॉम्प्युटर लावताना मनात म्हणायची, आज पांढरं कमी वाढलेलं असू दे. संशोधन करणाऱ्या बाईला हे शोभत नाही. ज्या दगडासाठी मॅडमनी इतका आटापिटा केला, तो भरूच नये असं मला वाटत होतं, कारण दगड भरला की माझा नवरा जाणार होता.

एका संध्याकाळी जेवताना आईने विषय काढलाच. टेबलावर सूप होतं, ब्रेड होता, आणि त्याच्या पुढ्यात उकडलेल्या अंड्यांचा ढीग. तिच्या मते तिकडे त्याची उपासमार होते.

“तिकडे खायला घालतात की दगडच देतात चावायला?”

“घालतात हो आई.”

“मग आता पुढे काय, जावईबापू?”

तो चमचा फिरवत राहिला. “समुद्रात नवी विहीर खोदताहेत. दोन वर्षांचं काम आहे. बोलावलंय मला.”

“समुद्रात!” आई म्हणाली. “आणि हो म्हणालात?”

“इथलं संपलं की कळवायचं आहे.”

“म्हणजे अजून ठरलं नाही.”

“ठरवतोय.” मग तो माझ्याकडे वळला. “तुला काय वाटतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सूपकडे पाहिलं. घशापर्यंत आलं होतं, अगदी दातांपर्यंत आलं होतं. आणि तोंडातून काय निघालं? “समुद्राची हवा चांगली असते,” मी म्हटलं.

आईने चमचा खाली आपटला. “हवा! देवाने तोंड दिलंय ते नुसतं सूप प्यायला का ग?”

“आई, तू जेव.”

“मी जेवतेच आहे. तुम्ही दोघं काय करताय ते तुम्हाला तरी कळतंय का?” असं म्हणून तिने त्याच्या ताटात आणखी एक अंडं ठेवलं. राग आला की ती वाढते.

जेवण झाल्यावर मी त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. बेकरीवाला शटर ओढत होता, शिंप्याच्या दुकानात अजून मशीन चालू होतं. शिंप्याच्या दुकानापुढे फरशी उचकटलेली आहे. तिथे तो अडखळला आणि माझा दंड धरून सावरला.

“ही अजून तशीच?”

“तुझी आठवण म्हणून ठेवली आहे नगरपालिकेने.”

तो मोठ्याने हसला. मीही हसले. हात त्याने जरा उशिरा काढला, की मलाच तसं वाटलं, देव जाणे. कोपऱ्यावर तो थांबला.

“अजून किती चालेल ग ते?”

“पंप तुझा आहे. मला काय विचारतोस?”

“फोटो तुझे आहेत.”

“चाललंय तसं चाललं तर आठवडाभरसुद्धा नाही.”

“कमीच की,” तो म्हणाला, आणि संस्थेच्या दिशेने चालायला लागला.

ते दोन शब्द मी घरी घेऊन आले आणि झोप लागेपर्यंत उलटसुलट करून पाहिले. मॅडमच्या दगडासाठी कमी, की दुसऱ्या कशासाठी? मला काही कळलं नाही. इतकी वर्षं बारीक बघायचं काम करून घरच्या माणसाचे दोन शब्द वाचता येऊ नयेत, याचा मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट न काढताच कॉम्प्युटर लावला आणि जागच्या जागी उभी राहिले. दगडाच्या तोंडाशी, दोन नळ्या येऊन लागतात तिथे, पांढरी भिंत उभी होती. दाबाचा आकडा चढत होता. रात्रीचे फोटो मी एकामागून एक पळवून पाहिले. संध्याकाळपर्यंत आतले ठिपके नीट वाढत होते, आदल्या दिवसासारखेच. मग एका फोटोपासून त्यांचं वाढणं थांबलं. आणि दारात पांढरं धरायला लागलं, आधी पुसट, मग दाट, मग भिंतच. असं आपोआप होत नाही. मी पंपाकडे गेले. त्याच्या छोट्या पडद्यावर वेगाचा आकडा होता तो ठरलेल्या वेगाचा दहावा हिस्सा.

आमच्याकडे पंपाला दुसरं कोणी हात लावत नाही. तो इथे असताना तर नाहीच.

पहिल्यांदा संताप आला. मोजून चार तुकडे, त्यातला हा तिसरा, आणि इतका नीट भरलेला! नवशिक्यानेसुद्धा करू नये अशी चूक, आणि केली कोणी, तर ज्याने सगळ्या नवशिक्यांचे कान पिळले त्याने. पाणी हळू सोडलं तर दारातच अडतं हे त्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक. नवशिका वेग का कमी करतो? त्याला वाटतं, कमी सोडलं की जास्त दिवस पुरेल.

जास्त दिवस.

मी खुर्चीत बसले. फोटोवरची वेळ बघायचीही गरज नव्हती, तरी पाहिली. आतलं वाढणं थांबलं होतं ते तो कोपऱ्यावरून निघून संस्थेत चालत पोचेल त्याच सुमाराला. समोर दगड वाया जात होता, पंप लगेच थांबवायला हवा होता, निदान मॅडमना फोन करायला हवा होता. मी काहीच केलं नाही. मला आनंद झाला होता. इतका, की स्वतःची लाज वाटली. चार वर्षं ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, त्याचं मन माझ्यासमोर पडद्यावर पांढऱ्यावर काळं, म्हणजे काळ्यावर पांढरं, उमटलं होतं.

तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत चहाचे कप होते.

“बघ,” मी म्हटलं.

त्याने पाहिलं. कप टेबलावर ठेवले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पाहिलं. मग पंपाजवळ जाऊन तो बंद केला. खोली एकदम शांत झाली.

“कोणी केलं हे?” मी विचारलं.

“मी.”

“असं होणार हे तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं.”

“मग?”

“तेव्हा डोक्यातच आलं नाही ग,” तो म्हणाला. “तू म्हणालीस आठवडाभरसुद्धा नाही. मी इथे आलो, पंपापुढे उभा राहिलो, आणि एवढंच वाटलं, की जरा पुरवून वापरू.”

मी काही बोलणार, इतक्यात मॅडम आत आल्या. त्यांनी पडदा पाहिला, पंप पाहिला, मग आम्हा दोघांना पाहिलं.

“हा वेग कोणी कमी केला?”

“माझ्याकडून चुकून झालं, मॅडम,” तो म्हणाला. “आकडा टाकताना चुकला.”

“तुझ्याकडून?”

“वय झालं,” तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला.

मॅडमनी विश्वास ठेवला असता. त्या घाईत होत्या आणि चिडलेल्या होत्या, आणि माणसं चुकतात यावर त्यांचा गाढ विश्वास आहे. मी तोंड बंद ठेवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. तो मूर्ख ठरला असता आणि मी नेहमीसारखी शहाणी.

“चुकून नाही,” मी म्हटलं.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

“प्रयोग संपला की याला जावं लागणार. म्हणून याने वेग कमी केला. तो थोडा जास्त चालावा म्हणून. मलाही तेच हवं होतं. मी पंपाजवळ असते तर कदाचित मीही तेच केलं असतं.”

मॅडमनी एक चहाचा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “याच्यापेक्षा सोपा उपाय होता. मला विचारायचं, रजा मिळेल का. माझा दगड कशाला मारलात?”

“सॉरी, मॅडम,” आम्ही दोघेही एकदम म्हणालो, शाळेतल्या पोरांसारखे.

“अजून एक तुकडा आहे. तो भरायला मी दुसऱ्या कोणाला तरी शोधते. अविवाहित असेल तर उत्तम.” जाताना त्या कप घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्या दार कधी लोटत नाहीत.

आता तो बोलेल असं मला वाटलं. एवढं झाल्यावर काहीतरी गोड बोलेल. तो खिडकीकडे गेला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “मी होकार कळवलाय.”

“कधी?”

“इथे यायच्या आधीच. सहीसुद्धा झालीय.”

“काल आईसमोर म्हणालास, कळवायचं आहे.”

“म्हणालो. तू काय म्हणतेस ते बघायचं होतं.”

“आणि मी काय म्हणाले?”

“समुद्राची हवा चांगली असते.”

मग आम्ही भांडलो. आमचं साचलेलं, थकीत भांडण आम्ही त्या खोलीत उभ्या उभ्या भांडलो. तू विचारलं का नाहीस, तू सांगितलं का नाहीस, रविवारी गुडघ्यांशिवाय दुसरं काही बोलला असतास तर, तू फोन आईकडे दिला नसतास तर. एका हाताने टाळी वाजत नाही, असं तो म्हणाला. तेव्हा माझे दोन्ही हात चार वर्षं रिकामे आहेत, असं मी ओरडून म्हटलं. मग सांगायचं राहिलं होतं ते मी सांगून टाकलं.

“मला तू हवा आहेस. इथे. घरात. मी तेव्हाही तसंच म्हणायला हवं होतं. मला फरक पडतो. मला रोज फरक पडतो. आता ऐकलंस ना? मग त्यांना फोन कर. सांग, येत नाही म्हणून.”

“सही झालीय ग.”

“फोन कर.”

तो बाहेर व्हरांड्यात गेला. दाराला काच आहे, त्यातून मला तो दिसत होता. आधी तो बोलत होता, मग नुसता ऐकत होता. मान हलवत होता. मधे एकदा त्याने कपाळावर हात ठेवला. फोनच्या पलीकडच्या माणसाला मी ओळखतही नव्हते, पण मी त्याला हात जोडत होते, खोट्या आशेने, काचेमागून. असं कोणासाठी मी कधी केलेलं नाही.

तो आत आला. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

“सोडत नाहीत,” तो म्हणाला. “इथलं काम संपलं हे त्यांना कळलंच. उद्या निघायचं आहे. दोन वर्षं. मधे एकदा सुट्टी.”

मी मान हलवली. रडायचं नाही असं ठरवलं आणि रडले. तो जवळ आला, पण हात लावू की नको अशा पेचात तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर!

“त्यानंतर मी परत येईन,” तो म्हणाला. “इथे म्हणजे घरी. कायमचा. पण दोन वर्षं खूप होतात. तुला एवढी वाट बघ असं कुठल्या तोंडाने सांगू?”

“मग इतकी वर्षं मी दुसरं काय करत होते, असं वाटलं तुला?”

मला रागही आला होता आणि हसूही येत होतं. तो हात पुढे केला तर लागेल इतक्या अंतरावर उभा होता, आणि मला त्याची आठवण यायला लागली होती.